मोटर वर काढण्याचे शास्त्र

विहिरीतली मोटर बाहेर काढणे हे घरगुती यंत्रकामातले बहुधा एकमेव काम असावे, ज्यात यंत्र दुरुस्त करण्यापेक्षा यंत्रापर्यंत पोचायलाच जास्त वेळ, जास्त माणसे आणि जास्त चहा लागतो. पंखा बिघडला तर स्टुलावर चढता येते. मिक्सर बिघडला तर पिशवीत घालून दुकानात नेता येतो. बोअरमधली मोटर मात्र दीड-दोनशे फुटांवर, साडेसहा इंच व्यासाच्या अंधारात, पाण्याखाली उभी असते आणि ती बंद पडल्याची खबर वर येते ती नळातून निघणाऱ्या नुसत्या हवेतून. शिवाय तिला एकटीला काढता येत नाही. तिच्या डोक्यावरचा पंप, पंपावरचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, त्याच्यावर एकाला एक जोडत आणलेले पाइप, पाइपाला बांधलेली केबल आणि असलाच तर दोर, असा सगळा लवाजमा तिच्यासोबत वर घ्यावा लागतो.

काढण्याची रीत मोटरीच्या जातीवर ठरते. घरच्या विहिरींवर तीन जाती आढळतात. त्यांतली जुनी म्हणजे मोनोब्लॉक. ती पाण्यात नसते. विहिरीच्या काठावर किंवा आतल्या कट्ट्यावर बसून खालचे पाणी ओढते. या ओढण्याला निसर्गाने मर्यादा घालून दिली आहे. हवेच्या दाबाच्या जोरावर पाणी फार तर १० मीटर चढते, आणि पाइपातले घर्षण व गळका फूटव्हॉल्व्ह यांचा वाटा वजा जाता हाती सहा-सात मीटर उरतात. गॅलिलिओच्या १६३८ साली छापलेल्या ग्रंथात याची एक हकिगत आहे. त्यातले एक पात्र सांगते, की पंप पाणी देईना म्हणून कारागिराला बोलावले, तर तो म्हणाला, पंपात काही दोष नाही, पाणी खाली गेले आहे, आणि इतक्या खोलीवरून ते कुठल्याच पंपाने ओढले जायचे नाही. पुढे टॉरिचेलीने हवेच्या दाबाचे कोडे उलगडले आणि त्याचे नाव पुस्तकांत गेले; कारागीर होता तिथेच राहिला. मिस्त्रीने ‘पंप चांगला आहे’ असे सांगितले आणि मालकाने ते मान्य केले, एवढ्याचसाठीही ही हकिगत जपून ठेवण्यासारखी आहे.

या मर्यादेमुळे मोनोब्लॉकला उन्हाळ्यात पाण्यामागे खाली उतरावे लागते. मार्चमध्ये एक टप्पा, मे महिन्यात आणखी एक. मग मृगाचा पाऊस जोरात लागतो, पाणी एका रात्रीत चढते आणि खाली नेऊन बसवलेली मोटर बुडायला येते. मोटर वर घ्यायची आहे हे घरातल्या सगळ्यांना मेअखेरीपासून ठाऊक असते. ती घेतली जाते मात्र पाणी तिच्या बुडाला टेकल्यावर, रात्री दीड वाजता, बॅटरीच्या उजेडात. काम तसे सोपे असते: सक्शनचा पाइप सुटा करायचा, चार बोल्ट काढायचे, दोर बांधायचा आणि ओढायचे. रात्र आणि पाऊस सोडले तर त्यात अवघड काही नाही.

दुसरी जात ओपनवेल. ती विहिरीच्या पाण्यातच आडवी पडून राहते आणि दोर ओढला की वर येते. तिच्याविषयी लिहिण्यासारखे फारसे काही घडत नाही, आणि यंत्राची याहून मोठी स्तुती करता येत नाही.

तिसरी जात बोअरची सबमर्सिबल, आणि पुढचे सगळे विवेचन तिच्याविषयी आहे. ती उंच, सडपातळ, जेमतेम चार इंच जाडीची असते. मोटर तळाला, पंप वर आणि दोघांच्या मध्ये पाणी आत घेणारी जाळी. ती पाणी ओढत नाही, खालून ढकलते, म्हणून मोनोब्लॉकची दहा मीटरची अडचण तिला येत नाही. बोअरचे पाणी तिच्या अंगावरून जाळीकडे वाहते आणि तेच तिला थंड ठेवते; पाणी आटले की ती तापते आणि जळते. विहिरीत खोल बुडवून चालवायची मोटर ही मुळात तेलविहिरींसाठी काढलेली युक्ती. आर्मेस अरुटुनॉफ नावाचा अभियंता रशियातून निघून १९२० च्या दशकात अमेरिकेत पोचला आणि तिथल्या तेलाच्या विहिरींत त्याने असे पंप सोडले. तेलाच्या राजकारणात जगाचे जे व्हायचे ते झाले. त्याच घराण्यातली मोटर आज कोथरूडच्या सोसायटीत फरशी पुसायला पाणी पुरवते.

मोटर काढण्याआधी ती खरोखर काढायला हवी आहे का, हे तपासायचे असते. हा टप्पा सर्वांत स्वस्त, म्हणूनच तो वगळला जातो. बिघाड पुष्कळदा जमिनीच्या वर, भिंतीवरच्या पॅनेलमध्ये असतो. सिंगल फेजच्या पॅनेलमध्ये दोन कपॅसिटर असतात: एक मोटरीला सुरुवातीचा धक्का देणारा, दुसरा ती चालू असेपर्यंत सोबत करणारा. पहिला गेला की मोटर नुसती ‘घुंऽ’ करते आणि ट्रिप होते. फुगलेला कपॅसिटर डोळ्यांना दिसतो, तो काहीशे रुपयांत मिळतो आणि स्क्रू-ड्रायव्हरने बदलता येतो. पण तो बदलण्यात सोहळा नाही. दार उघडून डबीएवढी वस्तू बदलली आणि पाणी आले, तर मालकाला आपण फसवले गेलो असे वाटते आणि मिस्त्रीला पैसे मागताना संकोच होतो. त्यापेक्षा मोटर वर काढण्याकडे दोघांचा ओढा असतो.

ॲमीटर असेल तर तोही बरेच सांगतो. काटा नेहमीपेक्षा बराच वर गेला तर पंप गाळाने अडला आहे किंवा व्होल्टेज पडले आहे. काटा नेहमीपेक्षा खाली आणि पाणी नाही, तर मोटर फुकट फिरते आहे: पाणी उतरले किंवा शाफ्ट तुटला. काटा हललाच नाही तर वीज मोटरीपर्यंत जात नाही. यानंतर वायरमन मेगर लावतो आणि केबलचा व वायंडिंगचा अर्थिंगशी संबंध जुळला आहे का ते पाहतो. नको तो संबंध जुळलेला निघाला, म्हणजे मेगरने शून्य दाखवले, तर मात्र दोष खालच्या केबलमध्ये, जोडात किंवा वायंडिंगमध्ये आहे असे समजावे, आणि मोटर वर काढण्याला पर्याय राहत नाही. मेगर लावण्याचा विधी गंभीर चेहऱ्याने होतो. आकडा काहीही आला तरी आजूबाजूचे सगळे मान डोलावतात.

निर्णय झाला की पहिले काम वीज तोडण्याचे. मेन स्विच बंद करणे पुरेसे मानले जात नाही, आणि ते बरोबर आहे. कारण घरात असा एकजण हमखास असतो, ज्याला स्विच बंद दिसला की चालू करावासा वाटतो. शिवाय पुष्कळ स्टार्टरना ‘ऑटो’ बसवलेला असतो. वीज आली की तो कुणालाही न विचारता मोटर चालू करतो. वीज नेमकी कधी येईल हे ठरवण्याचा अधिकार मोटर काढणाऱ्याकडे नसल्याने फ्यूजचे किटकॅट काढून खिशात ठेवण्याची रीत पडली आहे. खिसा कुणाचा, हे मात्र आधी ठरवून घेतलेले बरे. संध्याकाळी मोटर पुन्हा खाली सोडून झाल्यावर किटकॅट सापडत नाही, आणि ज्याच्या खिशात ते असते तो तोवर सातची एसटी धरून गावी गेलेला असतो.

केबलच्या तारा सोडवण्याआधी लाल, पिवळी, निळी कुठे होती ते टिपून ठेवायचे. पूर्वी हे खडूने भिंतीवर लिहीत, आता मोबाइलवर फोटो काढतात. थ्री फेजला दोन तारांची अदलाबदल झाली तर मोटर उलटी फिरते. उलटी फिरूनही ती थोडे पाणी देते, हा तिचा वाईट गुण. कारण त्यामुळे बोअर आटल्याची हूल उठते आणि नवीन बोअरच्या गोष्टी सुरू होतात.

आता मनुष्यबळ. मोटर काढायला चारजण पुरतात: एक पान्यावर, एक क्लॅम्पवर, दोघे चेनपुलीवर किंवा दोरावर. पण पाणी बंद झाल्याची बातमी गल्लीत पसरते तशी माणसे येत जातात, आणि आलेल्या माणसाला नुसते उभे राहणे कमीपणाचे वाटते. तो निदान ‘हळू’ तरी म्हणतो. ‘हळू’ हा या कामातला सर्वांत जास्त वापरला जाणारा शब्द. तो ओढणारा कधीच म्हणत नाही. ज्याच्या हातात काही नसते, तोच म्हणतो. त्याखालोखाल ‘येऊ द्या’. हा मिस्त्रीचा शब्द आणि यावरच काम चालते. ‘थांबा’ हा शब्द मिस्त्री, मालक, मालकाचे मेहुणे आणि कट्ट्यावर बसलेले अण्णा असे सगळेच वेगवेगळ्या कारणांसाठी वापरतात. दोर धरणाऱ्यांनी नेमक्या कोणाच्या ‘थांबा’ला थांबायचे, यावर अपघात होणे न होणे अवलंबून असते. म्हणून जाणता मिस्त्री सुरुवातीलाच सांगतो, “आवाज फक्त माझा.” यावर सगळे एका आवाजात हो म्हणतात.

मालकाचे काम आठवण्याचे. मोटर किती खोल सोडली होती, पाइप किती होते, कधी टाकली, हे प्रश्न त्याला विचारले जातात आणि त्यांची उत्तरे घरातल्या प्रत्येकाची निराळी निघतात. मालक म्हणतो, नऊ पाइप. भाऊ म्हणतो, अकरा. आजी सांगते, “धाकटीच्या साखरपुड्याच्या आदल्या दिवशी टाकली आणि तेव्हा पाइप कमी पडला म्हणून तुझे काका पुन्हा बाजारात गेले होते.” पाइप मोजल्यावर ते दहा निघतात, पण साल मात्र आजीचेच बरोबर असते. इलाज साधा आहे: मोटर सोडताना तारीख, खोली, पाइपांची संख्या आणि हॉर्सपॉवर पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवावी. महाराष्ट्रातल्या पॅनेलांच्या दारांवर आतून स्वस्तिक, ‘शुभ लाभ’ आणि वायरमनचा मोबाइल नंबर लिहिलेला सापडतो, खोली क्वचित.

जागेचा प्रश्न त्याहून बिकट. पाणाड्याने तळहातावर नारळ धरून जागा दाखवली, तेव्हा तिथे मोकळे अंगण असते. पुढे घर वाढते. बोअर कधी जिन्याखाली जाते, कधी कंपाउंडला खेटते, कधी पार्किंगच्या स्लॅबखाली येते. वीस फुटी लोखंडी पाइप नऊ फूट उंचीच्या पार्किंगमधून उभा बाहेर काढता येत नाही, हे नकाशा काढताना लक्षात आलेले नसते. अशा ठिकाणी स्लॅबला बोअरच्या बरोबर वर भोक ठेवायचे असते. ते नसेल तर पाइप तुकडे करून काढावे लागतात, आणि प्रत्येक तुकडा कापताना बांधकामाचा ठेकेदार, तो हयात असो वा नसो, आठवला जातो. जागा उघडी असेल तर वर पाहावे: लोखंडी पाइप उभा करताना विजेच्या तारांना टेकला तर पुढचे काहीच करावे लागत नाही. या ओळीत विनोद नाही.

साहित्य मोजकेच लागते. लोखंडी पाइपांची तिपाई, तिच्या शेंड्याला चेनपुली, दोन जोड क्लॅम्प, दोन पाइप-पाने, आणि दोर. वीज येण्याआधी रहाट आणि मोट यांनी पाणी काढत. मोटेला बैलजोडी आणि एक माणूस लागे. घरच्या आडावर रहाट, दोर आणि एक घागर पुरे. किर्लोस्करवाडीला १९२६ च्या सुमारास सेंट्रिफ्युगल पंप बनू लागले आणि पुढच्या काही दशकांत रहाटाचे खांब उखडून त्यांच्या जागी स्विचबोर्ड आले. मात्र स्विचने चालणारी वस्तू बंद पडली की तीन खांब, एक पुली, दोर आणि ओढणारी माणसे हेच सामान पुन्हा गोळा करावे लागते, तेही भाड्याने.

दोराविषयी स्वतंत्र लिहिणे भाग आहे. मोटर पाइपाला लटकलेली असते. दोर हा तिचा विमा. पाइप तुटला, जोड सुटला, तर मोटर दोरावर राहावी, एवढेच त्याचे काम. पंपाच्या कडीला बांधलेला नायलॉनचा दोर वर आणून पक्क्या खुंटाला बांधायचा असतो. पण काही घडत नाही तोवर विम्याचा हप्ता जड वाटतो, तसे दोराचे होते. वर शिल्लक राहिलेली वेटोळी आधी कपडे वाळत घालायला जातात, मग मांडवाला, मग झोपाळ्याला. शेवटी बोअरच्या तोंडाशी वीतभर टोक उरते आणि ते कुणीतरी केसिंगच्या कडेला बारीक तारेने अडकवून ठेवते. एके दिवशी तार गंजून तुटते आणि दोर खाली जाऊन पंपावर गुंडाळी होऊन बसतो. आता मोटर वाचवण्यासाठी घातलेला दोरच ती अडकून बसण्याचे कारण होतो.

वजनाचा हिशेब आधी केलेला बरा. एक हॉर्सपॉवरची घरगुती मोटर आणि पंप मिळून साधारण वीस-पंचवीस किलो. यावर मालक म्हणतो, मग दोघे ओढू. पण १८० फुटांच्या सव्वा इंची जीआय पाइपाचे वजन दीडशे किलोच्या वर जाते. शिवाय पाइप भरलेला असतो, कारण नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह पाणी खाली सोडत नाही. त्यासाठीच तो बसवलेला असतो. एवढ्या पाइपात पन्नास-पंचावन्न लिटर पाणी राहते, म्हणजे आणखी पन्नास-पंचावन्न किलो. काही मिस्त्री पुढच्या वेळेचा विचार करून व्हॉल्व्हची झडप काढून टाकतात. मग पाइप रिकामा येतो, पण रोज मोटर बंद केली की वरचे पाणी उलटे धावत खाली जाते आणि पंपाला उलटे फिरवते. दहा वर्षांत एकदा लागणाऱ्या सोयीसाठी रोजची गैरसोय पत्करण्याचा हा प्रकार.

लोखंडी पाइप काढण्याची रीत शिस्तीची आहे. पहिला क्लॅम्प आवळायचा, चेनपुलीने पाइप वर घ्यायचा, खालचा जोड दिसला की त्याच्याखाली दुसरा क्लॅम्प आवळून तो केसिंगवर टेकवायचा, मगच वरचा पाइप पान्यांनी सोडवायचा. एक क्लॅम्प कायम आवळलेला असलाच पाहिजे. दोन्ही क्लॅम्प एकदम सैल झाले की उरलेले सगळे पाइप मोटरीसह खाली जातात, आणि ते जाताना जो आवाज येतो त्यानंतर बराच वेळ कोणी ‘हळू’ म्हणत नाही. जोड उलगडला की वरच्या पाइपातले पाणी बाहेर पडते. मिस्त्री त्या क्षणी सहज बाजूला सरकतो. मालक वाकून जोड पाहत असतो.

एचडीपीईच्या काळ्या पाइपाची गोष्ट निराळी. तो सलग असतो. त्याला मध्ये तोडायचे नसते, आणि वळवून लहान गुंडाळी केली तर तो घडी पडून तिथेच कामातून जातो. म्हणून तो सरळ रेषेत न्यावा लागतो, आणि १८० फूट पाइपाला १८० फूट रस्ता लागतो. बोअरच्या तोंडावर चाक बसवून त्यावरून पाइप काढतात, पहिला माणूस टोक खांद्यावर घेतो आणि फाटकाबाहेर पडतो. त्याच्यामागे पंधरा-वीस फुटांवर दुसरा, मग तिसरा. गल्लीतून ही दिंडी निघते. मोटारसायकली थांबतात. रिक्षावाला विचारतो, किती फूट. पहिला माणूस किराणा दुकान ओलांडून कोपऱ्यावर पोचतो तेव्हा त्याला बोअर दिसत नाही आणि बोअरवाल्यांना तो दिसत नाही. मधले लोक निरोप पोचवतात. ‘आली, आली’ अशी हाक बोअरवर उठते, ती ‘आली का?’ अशी होत पुढे सरकते आणि कोपऱ्यावर पोचताना ‘चला’ अशी झालेली असते. पहिला माणूस जोराने चालू लागतो आणि मोटर चाकावर येऊन आदळते. म्हणून पाइपावर शेवटच्या वीस फुटांची खूण रंगीत टेपने करून ठेवावी. ती खूण मोटर सोडतानाच करायची असते, म्हणजे ती केलेली नसते.

कधी मोटर येत नाही. दख्खनच्या बसाल्टमध्ये बोअरला केसिंग फक्त वरच्या माती-मुरुमापुरते घालतात. खाली उघडा खडक असतो. त्याचा एखादा खपला सुटून पंपाच्या खांद्यावर बसतो. कधी गाळ साचून मोटर त्यात रुतते. कधी केबलची बांधणी सुटून तिचा फास पंप आणि खडक यांच्यामध्ये शिरतो, हे सर्वांत नेहमीचे. अशा वेळी जोर लावणे हा सहज सुचणारा आणि चुकीचा उपाय. वर ओढले की फास आवळतो. थोडे खाली सोडायचे, पाइप किंचित फिरवायचा, पुन्हा अलगद घ्यायचे, असे धीराने करत राहायचे असते. हा धीर अर्धा तास टिकतो. मग कुणीतरी ट्रॅक्टर आणण्याचे सुचवते.

ट्रॅक्टर येतो. ट्रॅक्टरची ताकद पाइपाच्या ताकदीहून जास्त आहे, हे सिद्ध व्हायला फारसा वेळ लागत नाही. पाइप तुटतो, मोटर खालीच राहते, ओढणारे मागच्या मागे बसतात, आणि कट्ट्यावरचे अण्णा सांगतात की त्यांना हे माहीतच होते.

खाली राहिलेल्या मोटरीसाठी जुन्या काळचा उपाय नव्या रूपात आहे. पूर्वी आडात कळशी पडली की गळ टाकत. लोखंडी आकड्यांचा तो झुबका सगळ्या आळीत एखाद्याच घरी असे, आणि त्या घराशी भांडण करणे परवडत नसे. आता बोअरमध्ये अडकलेली मोटर काढून देणारे कारागीर असतात. त्यांचे आकडे, आटे पाडलेल्या सळया आणि पाइपाला आतून धरणारी हत्यारे वेगळी असतात. काहींकडे खाली सोडायचा कॅमेराही असतो. त्यांचा दर काम झाल्यावर वेगळा आणि न झाल्यावर वेगळा. कॅमेऱ्याच्या पडद्यावर खालचे दृश्य दिसू लागले की सगळी गल्ली त्याभोवती जमते. गढूळ पाण्यात काहीच दिसत नाही, पण प्रत्येकाला काहीतरी दिसते.

मोटर वर आली की तिची अवस्था सगळे सांगते. जाळीवर पांढरा थर म्हणजे पाण्यातले क्षार. इम्पेलरची पाती झिजून धार आलेली असेल तर वाळू. केबलच्या जोडावरची टेप सुटून तार हिरवी पडली असेल तर मोटर निर्दोष आहे आणि सगळा खटाटोप एका जोडापायी झाला. शाफ्ट हाताने फिरवून पाहायचा: फिरला तर बेअरिंग ठीक, अडला तर गाळ, आणि जळका वास आला तर वायंडिंग. वास घ्यायला सगळे पुढे येतात. नुसत्या वासावरून तीन जण ‘जळली’ म्हणतात आणि दोघे ‘नाही, बुश गेलाय’ म्हणतात. मोटर रिक्षात घालून दुकानात नेल्यावर रिवायंडिंगवाला ती उघडत नाही, नुसती उचलून पाहतो आणि जळली आहे असे सांगतो.

रिवायंडिंगला किती दिवस लागतील, या प्रश्नाचे उत्तर ‘उद्या संध्याकाळी’ असे आहे. ते तीन दिवस रोज खरे असते. पोटात पाणी भरून चालणाऱ्या मोटरींना प्लॅस्टिकच्या वेष्टनाची तांब्याची तार लागते. जुनी जळकी तार दुकानदाराकडे राहते की मालकाला मिळते, हे आधी ठरवलेले नसते. नंतर ठरवायला गेले की ते भंगाराच्या भावाबद्दलचे दीर्घ संभाषण होते.

या दिवसांत बोअरचे तोंड उघडे राहते, आणि ते तसे राहू देऊ नये. उघड्या बोअरमध्ये मुले पडल्याच्या घटनांनंतर सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये याबद्दल निर्देश दिले आहेत. झाकण बोल्टने आवळायचे असते. पोते टाकून वर दगड ठेवणे म्हणजे झाकण नव्हे. या दिवसांत घरातले पाणी शेजाऱ्यांच्या नळावरून, टँकरने किंवा कधीकाळी टाकून दिलेल्या आडातून येते. तो आड स्वच्छ करावा असा ठराव दरवेळी घरात एकमताने मंजूर होतो आणि मोटर चालू झाली की बारगळतो.

मोटर परत सोडताना सगळे उलट क्रमाने करायचे, दोन गोष्टी जास्तीच्या. पाणी भरायची मोटर असेल तर तिच्या पोटात स्वच्छ पाणी भरून, हवा बाहेर घालवून, बूच घट्ट करायचे. मोटर पाण्यातच तर जाणार आहे, मग आत कशाला भरायचे, असे वाटून ती कोरडी सोडली, तर तिला पुन्हा वर काढण्याचा योग लवकर येतो. आणि केबल पाइपाला दर दहा फुटांवर बांधत जायची. खोलीबाबत मालकाचा आग्रह असतो की आणखी खाली सोडा. तळाला टेकवलेली मोटर गाळ ओढते आणि तिथे पाणी अंगावरून न वाहिल्याने तापते. तळापासून दहा-पंधरा फूट वर ती सुखात राहते. २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमाने ६० मीटरपेक्षा खोल विहिरीला खोल विहीर ठरवले आहे. ‘थोडे खाली’ किती, याची व्याख्या मात्र त्यात नाही, ती मालक आणि मिस्त्री यांच्यात ठरते.

मजुरी पाइपांच्या संख्येवर ठरते. त्यामुळे पाइप किती हा सकाळचा प्रश्न संध्याकाळी पुन्हा निघतो, आणि आता नऊ म्हणणारे आणि अकरा म्हणणारे आपापल्या बाजू बदलतात. अडकलेल्या मोटरीचे वेगळे, तिपाईच्या भाड्याचे वेगळे, रिक्षाचे वेगळे. घासाघीस चालू असताना चाचणी घेतली जाते. पहिली काही मिनिटे पाणी तांबूस, गाळाचे येते. ते टाकीत न घेता झाडांना सोडावे. ॲमीटरचा काटा स्थिरावला आणि पाणी निवळले, की पाइप टाकीला जोडायचा, बोअरचे झाकण आवळायचे आणि दोराचे टोक खुंटाला पक्के बांधायचे. वर उरलेला दोर पंचवीस-तीस फूट असतो. तो तिथेच ठेवावा, असे मिस्त्री जाताना बजावतो.